बायजाबाईच्या बाजूची जागा

१

बायको गेल्याचं दुःख मोठं, की म्हातारपणी कॉम्प्युटर शिकावा लागल्याचं, असं देवरावला कोणी विचारलं असतं तर त्यानं कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं असतं. खोटं बोलायची त्याला सवयच होती. उभी हयात नागपूरच्या गांधीबागेत ठोक कापडाच्या दुकानात थानं उलगडण्यात गेली. तिथं खोटं बोलल्याशिवाय एक वार कापड हलत नाही.

निमित्त असं, की बायजाबाईला जाऊन वर्ष होत आलं होतं. स्मृतिदिनाला घरी भंतेजी येणार, वंदना होणार, कुहीहून मुलगा रोशन आणि सून प्रीती येणार, आणि समोरच्या भिंतीवर बाईचा फोटो लागणार. आता फोटो आणायचा कुठून? बायजाबाईसमोर कॅमेरा धरला की ती तोंडावर पदर घ्यायची, जशी काही पोलिसांनीच धरून आणली आहे. जन्मात एकच फोटो तिनं सरळ तोंडानं काढू दिला, तोही नातीला, कुहीच्या बस स्टँडवर. सिमेंटचं बाकडं, बाकड्याच्या मधोमध बायजाबाई, मांडीवर थैली, नजर थेट समोर.

नात म्हणजे पायल, रोशनची मुलगी. शिक्षणासाठी लहानपणापासून आजी-आबाजींजवळच राहिलेली. बायजाबाईनंच तिच्या वेण्या घातल्या, तिनंच तिला मारलं आणि तिनंच पदरानं डोळे पुसले. आता नर्सिंगच्या शेवटल्या वर्षाला होती. तिच्या फोनमधला तो फोटो पेनड्राइव्हमध्ये घेऊन देवराव सदर भागात गेला, चंपतरावच्या फ्रेमच्या दुकानात. चंपतराव शाळेपासूनचा दोस्त. दोघं मिळून चौथीत नापास झालेले, त्यामुळे दोस्ती पक्की.

चंपतरावनं फाईल पाहून नाक मुरडलं. ही नव्या फोनची एचईआयसी फाईल आहे, आपली मशीन हे घेत नाही, जेपीजी करून आण, असं त्याचं म्हणणं.

"काहून गा," देवराव म्हणाला, "उपास हाय का तुझ्या मशीनीले?"

घरी आल्यावर पायलनं त्याला शिकवलं. काही नवीन टाकायची गरज नाही, लॅपटॉपमध्ये पेंट आधीच असतो. फोटो पेंटमध्ये उघडायचा, फाईलवर जायचं, सेव्ह ॲज करायचं, जेपीजी निवडायचं, झालं. आजीचा फोटो कोण्या वेबसाईटवर मात्र चढवायचा नाही, असं तिनं बजावून सांगितलं. देवरावला 'सेव्ह' काही केल्या म्हणता आलं नाही. तो 'शेव' म्हणायचा, आणि शेव झाली की चिवडा कधी, असं पायलला विचारायचा.

२

दुसऱ्या दिवशी दुपारी पायल स्कूटीवर ड्यूटीला गेली आणि देवराव समोरच्या खोलीत बसला. वैशाखातली नागपूरची दुपार तुम्हाला काय सांगायची. कुत्रासुद्धा सावलीला विचारून बसतो. खिडक्या बंद, पडदे ओले केलेले, आणि कोपऱ्यात कूलर घरघरत होता. वाळ्याचा वास सुटला होता. त्या आवाजात दुसरं काही ऐकू यायचं नाही, हेच देवरावला बरं वाटायचं. घरात माणूस नाही हे कूलर कळू देत नाही.

त्यानं फोटो उघडला, पायलनं सांगितलं तसं केलं, आणि जेपीजी तयार झाली. बोटं मोडून त्यानं स्वतःलाच शाबासकी दिली. मग जेपीजी उघडून पाहिली.

बायजाबाई होती तशीच होती. फक्त तिच्या मागं पाटीचा एक लोखंडी खांब होता. फोनमध्ये तो खांब बरोबर तिच्या डोक्यामागून वर निघायचा, जसा काही बाईला अँटेना लावला आहे. देवरावनं यावरून तिला शेवटपर्यंत चिडवलं होतं. आता खांब फोटोत उजवीकडं मोकळा दिसत होता.

देवरावनं चष्मा पुसला. मोतीबिंदूचं ऑपरेशन एकाच डोळ्याचं झालं होतं, दुसरा अजून रांगेत होता. त्यानं ठरवलं की आपल्या बोटानं फोटो हलला असेल. कापड मांडताना सरकतंच की. पण कापड सरकलं तर सगळं सरकतं, बाकडंही आणि खांबही. त्यावर छापलेलं एकटं फूल सरकत नाही.

हे त्याला जेवताना आठवलं, आणि घास थोडा वेळ हातातच राहिला.

३

देवराव जेपीजी पेनड्राइव्हमध्ये देऊन आला, आणि चंपतरावचा फोन आला. फोटो बरा आहे, पण वहिनी मधात नाहीत, एका बाजूला किती जागा रिकामी सोडली, फ्रेममध्ये असं वाईट दिसते, असं तो म्हणाला. त्यानं देवरावच्या कापण्यावरही दोन शब्द सुनावले, की गांधीबागेत तू असंच कापत असशील तर शेटजी गरीब काहून झाला हे आता समजलं.

म्हणून देवरावनं पायलकडून कापणं आणि चिकटवणंही शिकून घेतलं. हे त्याला पटकन जमलं. उजवीकडची रिकामी जागा त्यानं कापून टाकली, बायजाबाईला पुन्हा मधोमध आणलं, आणि शेव केली. तर पडद्यावर चौकट आली, इंग्रजीत. पायल बाजूलाच बसून चहा पीत होती. ती म्हणाली, या नावाची फाईल आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू का असं पुसते, होय म्हणा.

देवरावनं होय म्हटलं. फाईल उघडली. बायजाबाई पुन्हा डावीकडं होती आणि उजवीकडं बाकडं रिकामं होतं. कापून टाकलेलं बाकडं. कापलेलं कापड पुन्हा थानाला जोडून येतं का कधी?

पायलनं ते पाहिलं आणि हसली. आबाजींनी चुकीची फाईल उघडली असणार, असं तिचं मत. तिनं फोनमधला फोटो काढून दाखवला. तिथं आजी मधोमध, डोक्यामागं खांब, सगळं जागच्या जागी. मग ती जरा गंभीर झाली.

"आबाजी, तुमी तीच तीच जेपीजी परत परत सेव्ह नका करू. दरवेळेस थोडं थोडं जाते त्यातलं."

"काय जाते?"

"जे डोळ्याले दिसत नाही ते. मशीनीले वाटते त्याचं काही काम नाही, ते फेकून देते."

देवराव यावर काहीतरी चावट बोलणार होता. पण त्याला सुचलं नाही, आणि हे त्याच्या बाबतीत इतकं नवलाचं होतं की पायलनं त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

४

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. देवराव आणि बायजाबाई बसनं कुहीला निघाले की त्यांची एक रीत होती. गाडी लागली की बायजाबाई आधी चढायची, खिडकीजवळची सीट धरायची आणि बाजूच्या सीटवर देवरावचा दुपट्टा टाकून ठेवायची. आपल्याकडं एसटीत सीटवर टाकलेलं फडकं म्हणजे सातबाऱ्यापेक्षा पक्कं. आणि हा देवमाणूस काय करायचा? खाली पाणपोईच्या मागं लपून बसायचा. गाडीचं इंजिन सुरू व्हायचं, लोक भांडायला लागायचे, कंडक्टर डाफरायचा, आणि बायजाबाई दोन्ही हातांनी ती जागा दाबून धरायची, तिचा माणूस येऊन राहिला, येऊन राहिला म्हणत. तिला एकटीनं प्रवास करायची भयंकर भीती. गाडी हलली की हा धावत येऊन लटकायचा आणि दात काढायचा. प्रत्येक वेळी ती रुसून खिडकीकडं तोंड करायची. प्रत्येक वेळी पुढच्या थांब्यापर्यंत हसायची.

दवाखान्यात शेवटल्या दिवशी तिनं त्याचा हात धरून ठेवला होता. बोलवत नव्हतं. देवरावला रडायचं नव्हतं, म्हणून त्यानं आपलं नेहमीचं केलं.

"तू हो पुढं, बायजे," तो म्हणाला. "जागा धरून ठेव. मी आलोच."

ती हसली होती की नाही, हे त्याला आजवर नक्की सांगता आलेलं नाही.

तर दुपारी तो पुन्हा बसला, आणि यावेळी त्यानं मुद्दामच शेव केली. पायलनं नको म्हटलेलं सगळं केलं. उघडली की शेव, उघडली की शेव. आणि प्रत्येक वेळी बायजाबाई थोडी सरकली. एकदम नाही; बाकड्यावर कोणी आलं की बाई कशी थैली उचलते, अंग चोरते, तशी. शेवटी ती बाकड्याच्या पार कडेला गेली. उजवीकडं एक माणूस ऐसपैस बसेल इतकी जागा झाली.

देवरावला घाम फुटला. पण खरं सांगतो, तो घाम भीतीचा नव्हता. म्हातारा लाजला. वर्ष झालं, अजून जागा धरून बसली आहे, असं त्याच्या मनात आलं आणि कूलरच्या वाऱ्यात तो मोठ्यानं रडला. कूलर असल्यामुळे शेजारच्या सिंधूताईंना ऐकू गेलं नाही, नाहीतर त्यांनी मोहल्लाभर वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉपसमोर बसायच्या आधी त्यानं दाढी केली.

५

त्या दुपारी पायल निघताना घाईत होती. तिची शेवटली परीक्षा जवळ आली होती आणि त्याआधी ड्यूटी भरायची होती. तिनं तोंडाला स्कार्फ गुंडाळला, नागपूरच्या सगळ्या पोरी उन्हात गुंडाळतात तसा, फक्त डोळे बाहेर. देवरावनं नेहमीप्रमाणे कोणती बँक लुटायला चालली म्हणून पुसलं. ती नेहमीप्रमाणे तुमचीच म्हणाली आणि गेली.

देवरावनं फाईल उघडली आणि शेव केली. पुन्हा उघडली.

बायजाबाईच्या बाजूच्या रिकाम्या जागेवर काहीतरी पडलं होतं. घडी केलेलं. कापड.

दुपट्टा, देवराव मनात म्हणाला. माझा दुपट्टा टाकला तिनं.

नेमकी तेव्हाच लाईट गेली. पंखा थांबला. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, त्याचा निळसर उजेड ओल्या पडद्यावर पडला. देवराव लॅपटॉपवर वाकला आणि पाहत राहिला, आणि बऱ्याच वेळानं त्याच्या ध्यानात आलं की घरघर चालूच आहे. त्यानं मान वळवली. कूलरची पाती थांबलेली होती. पंपाचं पाणी थांबलं होतं. घरघर खोलीतच होती. जड, एका जागी उभ्या असलेल्या इंजिनाची, माणसं चढायची वाट पाहणाऱ्या गाडीची. टेबलावरचा चहाचा कप बशीत बारीक वाजत होता.

त्यानं फोटो मोठा केला. चौकोन चौकोन दिसायला लागले, रंग फाटल्यासारखे. पण कापडाच्या बाबतीत देवराव फसायचा नाही. त्याचा दुपट्टा पांढरा, जाड सुताचा. हे पातळ होतं, रेयॉन, पोपटी, त्यावर पांढरे ठिपके.

नुकतंच तेच कापड त्याच्या दारातून बाहेर गेलं होतं, दोन डोळ्यांच्या खाली गुंडाळलेलं.

६

माणसाचं डोकं अशा वेळी वकिलासारखं चालतं. देवरावच्या डोक्यानं सांगितलं, की फोटो काढताना पायलनंच तो स्कार्फ बाकड्यावर ठेवला असेल. मग त्याच डोक्यानं सांगितलं, की स्कार्फ हिवाळ्यात सीताबर्डीवरून घेतला, देवराव स्वतः सोबत होता आणि दुकानदाराशी रेयॉनवरून भांडला होता. बायजाबाई तेव्हा होती कुठं?

त्यानं पायलला फोन लावला. वाजत राहिला. ती गाडीवर असेल, गाडीवर ती उचलत नाही, तिला आपणच तसं शिकवलं आहे. पुन्हा लावला. वाजत राहिला. घरघर जराशी वाढली, जशी गाडी निघायच्या आधी ड्रायव्हर पाय दाबतो.

"नको वं, बायजे," तो पडद्याला म्हणाला. "ते लेकरू हाय."

बायजाबाई समोर पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच वाईट नव्हतं. आणि हेच देवरावला सहन झालं नाही. एकटी बसून बसून कंटाळलेल्या बाईचा तो चेहरा होता. एक जण येतो म्हणाला आणि आला नाही. मग माणूस दुसऱ्यासाठी जागा धरतो.

त्यानं पेंटमधलं रबर घेतलं आणि स्कार्फ पुसला. तिथं पांढरं भोक पडलं. शेव केली, उघडली, भोक बुजलं होतं आणि स्कार्फ परत होता, नीट घडी केलेला. त्यानं कात्रीनं ती बाजूच कापली. बाकडं परत आलं. फाईल पुसून टाकावी असं मनात आलं, आणि बोट बटणावर गेलंही. पण फाईल पुसून गाडी थोडीच थांबते? आपल्याला दिसायची बंद होईल, एवढंच.

मग त्याला एसटीचा कायदा आठवला. फडकं टाकलेली जागा मोडायची एकच रीत. तिथं जाऊन बसायचं. बसलेल्या माणसाला कोणी उठवत नाही.

देवरावनं खुंटीवरचा दुपट्टा खांद्यावर टाकला, लॅपटॉपचा कॅमेरा सुरू केला आणि स्वतःचा फोटो काढला. दोनदा नुसती भिंत आली. तिसऱ्यांदा तोंड आलं, चष्म्यात पडद्याचा उजेड घेऊन. ते त्यानं कापलं, बाकड्यावर आणलं, पोपटी ठिपक्यांवर बरोबर चिकटवलं. ध्यान दिसत होतं. बायजाबाईच्या दीडपट डोकं, भोवती आपल्याच भिंतीची पिवळी चौकट. एरवी त्यानं यावर आठवडाभर हसवलं असतं लोकांना.

शेव केली. चौकट आली. तिच्या जागी ठेवू का, असं पुसत होती.

"हो," देवराव म्हणाला. "तिच्या जागी मले घे."

आणि बटण दाबलं.

घरघर थांबली. इतकी शांतता झाली की ओल्या पडद्यातून थेंब गळताना ऐकू आला.

७

पायल आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. तोंड लाल झालेलं, केस विस्कटलेले, तोंडावर स्कार्फ नव्हता. देवराव दारातच बसून होता. तिनं पाणी प्यायलं आणि मग सांगितलं, तेही हसण्यावारी नेत. दुपारी जाताना पुलाच्या अलीकडं मागून एक लाल एसटी गाडी सारखी हॉर्न देत होती. हिनं स्कूटी बाजूला घेतली तर तीही बाजूला आली. हिनं थांबवली तर तीही थांबली.

"दार उघडं करून उभी होती माझ्याजवळ. मले वाटलं पत्ता पुसते का काय. मी दोन पावलं गेलीही, आबाजी. काहून गेली, माहीत नाही. तेवढ्यात कोणी ओढल्यासारखा स्कार्फ निघाला तोंडावरचा, अन् गाडी गेली निघून."

"अन् स्कार्फ?"

"गाडीतच गेला वाटते."

देवरावनं तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि चिमटीत कापड पाहावं तसा तिचा गाल पाहिला. पायल म्हणाली, काय झालं, पुन्हा ताप आहे का तुम्हाला? तो म्हणाला, नवीन घेऊ स्कार्फ, सुती घेऊ, रेयॉन टिकत नाही.

८

चंपतराव फ्रेम घेऊन स्वतः आला, स्मृतिदिनाच्या सकाळी. देवरावनं तीच फाईल त्याला दिली होती, आणि चिकटवलेलं डोकं पाहून तो दुकानातूनच शिव्या घालत येईल असं त्याला वाटलं होतं. पण त्यानं फ्रेम हळूच टेबलावर ठेवली. फोटो फार झकास निघाला, पण दोघांचा काहून दिला, जित्या माणसाला हार घालतात का गा, एवढंच तो हळू आवाजात म्हणाला.

देवरावनं फ्रेमवरचा कागद सोडला. कापल्याची खूण कुठंच नव्हती. पिवळी चौकट नव्हती. डोकं मापात बसलं होतं. बाकड्यावर देवराव बसला होता, दुपट्टा खांद्यावर, पाय जमिनीला टेकलेले. पायांचा फोटो त्यानं काढलाच नव्हता. आणि बायजाबाई आता समोर पाहत नव्हती. तिनं तोंड पलीकडं फिरवलं होतं, जिथं खिडकी असायला हवी तिकडं. रुसली होती. एका गालाची कड तेवढी दिसत होती, आणि ती कड थोडी वर उचललेली होती.

माणसं जमली. भंतेजी आले. प्रीतीनं फोटो पाहून डोळ्याला पदर लावला; सासऱ्यांनी असा अभद्रपणा काहून केला, दुसरा फोटो काढा, असं ती रोशनला म्हणत होती. रोशन बापाजवळ आला. देवरावनं त्याला कूलरचा पंप अधूनमधून अडकतो, त्याला बाजूनं एक थापड मारायची, हे समजावून सांगितलं. लॅपटॉप पायलचाच आहे, तो तिलाच राहू द्यायचा, हेही सांगितलं. रोशन म्हणाला, बाबा, हे आजच काहून सांगून राहिले? देवराव म्हणाला, तुझं लग्न लावलं तेव्हाच सांगणार होतो, पण तेव्हा तू कोणाचं ऐकत नव्हता.

शेवटी प्रीतीनं हार तिरपा घातला, फक्त बायजाबाईच्या बाजूनं. तो घसरून सारखा दोघांवर यायचा.

वंदना झाली. त्रिशरण, पंचशील झालं. माणसं जेवायला आत गेली, तेव्हा पायल एकटी फोटोसमोर उभी राहिली. देवराव मागं खुर्चीवर होता, धुतलेले कपडे, पायात चपला. घरात चपला घालत नाहीत, पण आज त्याला कोणी टोकलं नव्हतं.

"आबाजी," तिनं मान न वळवता विचारलं, "हा फोटो मीच काढला होता ना?"

"तूच वं."

"मले तर आजी एकटीच आठवते. तुमी त्या दिवशी आले होते?"

"आलो ना. उशिरा आलो. नेहमीसारखा."

पायलनं फोटोतल्या बाकड्यावरून बोट फिरवलं. तिचा आवाज लहान झाला.

"मग मी कुठं बसली होती?"

देवरावनं दुपट्ट्यानं तोंड पुसलं.

"तू समोर उभी होती, पोरी," तो म्हणाला. "बाकडं दोघांचंच होतं. तुले जागा नव्हती."